हात शेतात, मन कोठे?

लग्नाच्या मांडवात आपण सर्वांनी अनेकदा ऐकलेला एक शब्द आहे: 'सावधान'. तो कानी पडताच बाल नारायण बोहल्यावरून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्या खरेखोटेपणाचा वाद येथे नको. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्या मांडवात शब्द पडला सर्वांच्याच कानांवर. ऐकला मात्र एकट्याने. आपण उरलेले सारे त्या वऱ्हाडी मंडळींपैकी. हातात अक्षता, आणि मन केव्हाच पंगतीला जाऊन बसलेले!

सावधान म्हणजे अवधानासह. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांपाशी मागितले तेही हे अवधानच. आज जगभर 'माइंडफुलनेस' या नावाने ज्याची शिबिरे भरतात, ती वस्तू आपल्या भाषेला नवी नाही. तिचे मूळ पाली भाषेतील 'सति', म्हणजे स्मृती, या शब्दात आहे. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात श्वासाबरोबरच चालणे, उभे राहणे, बसणे, जेवणे याही क्रिया जाणिवेने करावयास सांगितल्या आहेत, हे विशेष ध्यानात घ्यावे. पुष्कळांची समजूत अशी, की हे काम गुहेत बसणाऱ्यांचे.

ही समजूत किती चुकीची आहे, हे पाहावयाचे तर बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा, सुळगा मागे टाकून उचगावच्या फाट्यावर उतरावे. मार्कंडेय नदीच्या या पट्ट्यात पावसाळ्यात भाताची रोप लावण चालते. गुडघाभर चिखल, वरून सरी, आणि वाकून ओळीने रोपे रोवणाऱ्या बाया. हात इतके सरावलेले, की मन मोकळे सुटते. ते सोसायटीच्या कर्जावर जाते, पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलावर जाते, काल जाऊ काय बोलली त्यावर जाते. काम होते, पण दिवस गेला कोठे, ते कळत नाही. सुगीत विळा हाती असताना असेच झाले तर बोट कापते, एवढाच काय तो फरक. गोठ्यातील गोष्ट आणखी बोलकी. धार काढणाऱ्याचे चित्त अस्वस्थ असले की म्हैस पान्हा चोरते, हे गोठ्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मग करावयाचे काय? मनाला बांधून घालावयाचे नाही. ते भटकले, एवढे ओळखावयाचे आणि न रागावता त्याला हातातील कामाकडे परत आणावयाचे. धार काढताना बोटांखालचा ऊबदारपणा, चालताना तळव्याला लागणारी माती, आणि काहीच हाती नसेल तेव्हा आतबाहेर होणारा श्वास. दिवसातून एकच काम यासाठी निवडावे. मन शंभरदा पळेल. शंभरदा परत आणणे, हाच अभ्यास. न पळणे हा नव्हे.

सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत विपश्यनेचे शिबिर घेतले, आणि पुढे इगतपुरीस धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात, जुनाट वेदनांनी गांजलेल्यांसाठी या अभ्यासाचा क्रम सुरू केला. २०१० साली हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी सुमारे २,२५० प्रौढांना दिवसातून अवचित गाठून विचारले, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामाखेरीज अन्यत्र आढळले. आणि तशा वेळी ती माणसे कमी सुखी होती. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा घेण्यात आला. त्यात ध्यानाच्या अशा अभ्यासाने चिंता, खिन्नता व वेदना काही प्रमाणात कमी होतात, असे दिसले. औषधे वा व्यायाम यांहून तो सरस मात्र ठरला नाही. तेव्हा याला रामबाण म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे; आणि ज्याच्या मनावर मोठा आघात झाला आहे, त्याने वैद्यांच्या सल्ल्यावाचून दीर्घ ध्यानास बसू नये.

उचगावच्या परिसरात या विषयाला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून येथील मराठी माणूस एका निकालाची वाट पाहत आला आहे; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून तारखांची वाट. वाट पाहणारे मन नेहमी उद्याच्या गावी राहते. अवधान म्हणजे मागणी सोडून देणे, असा अर्थ कोणी करील तर तो मला मुळीच मान्य नाही. उलट याच गावात मराठी साहित्य संमेलन भरते. ग्रंथदिंडी निघते, शेतकरी मंडळी समोर बसून कथाकथन ऐकतात. कथा चालू असताना ज्याचे चित्त कथेत आहे, त्याला त्या तासापुरती आपली भाषा पुरती लाभलेली असते. निकाल ज्या दिवशी लागावयाचा त्या दिवशी लागो. आजची धार आज काढावयाची आहे, आणि म्हैस गोठ्यात केव्हाची हंबरते आहे.