वरिष्ठांचा जाच

साहेब कडक असणें आणि साहेब जाचक असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. परंतु संसाराच्या ओढाताणींत हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कडक वरिष्ठ चुकलेल्या कामावर रागावतो, चूक दुरुस्त झाली कीं त्याचा राग ओसरतो, आणि त्याचे नियम काल होते तेच आज असतात. जाचक वरिष्ठाचा रोख कामावर नसून माणसावर असतो. काल ज्या टिपणाची वाखाणणी केली, तेंच आज चार लोकांदेखत टेबलावर आपटावयाचें. तोंडीं हुकूम द्यावयाचा आणि अंगाशीं आलें कीं ‘मीं असें सांगितलेंच नव्हतें’ म्हणून मोकळें व्हावयाचें. कधीं तर आठ-आठ दिवस बोलणेंच टाकावयाचें, ही त्याची रीत. मधूनच तो गोडही बोलतो. हा गोडवाच अधिक घातक. कारण आपणच कोठें तरी चुकत असूं, जरा अधिक राबलों तर साहेब खूष होतील, या आशेवर बिचारा नोकर वर्षेंच्या वर्षें काढतो.

याचा परिणाम मनापुरताच राहत नाहीं. स्वीडनमधील तीन हजारांहून अधिक पुरुष नोकरांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. वरिष्ठाची वागणूक चांगली आहे असें सांगणाऱ्यांत हृदयविकाराचें प्रमाण कमी आढळलें. आणि एकाच ठिकाणीं जितकीं वर्षें अधिक गेलीं, तितका हा फरक अधिक ठळक दिसला. इकडे घरींही त्याची झळ पोंचतेच. अपमान गिळून आलेला गृहस्थ जेवतांना बोलत नाहीं, मुलांच्या क्षुल्लक खोडीवर कडाडतो, रात्रीं मोबाइल वाजला कीं दचकतो. आणि घरच्यांना वाटतें, याचा स्वभावच बिघडला. नोकरी करणारी स्त्री असेल तर तिला ‘मग सोडून दे’ एवढाच सल्ला मिळतो, जणूं तिचा पगार म्हणजे घरांतील एक हौस!

अशा वेळीं सर्वांत उपयोगी वस्तु म्हणजे एक साधी वही. घडलेला प्रकार त्याच दिवशीं, तारीख-वेळेसह, उच्चारलेल्या शब्दांसह आणि हजर असलेल्यांच्या नांवांसह लिहून ठेवावा. ‘साहेब फार त्रास देतात’ या तक्रारीस कोणी विचारीत नाहीं. ‘अमुक तारखेस, अमुक दोघांसमक्ष, असे शब्द वापरले’ या नोंदीस उत्तर द्यावें लागतें. वही घरीं असावी. कचेरीच्या खणांत किंवा कचेरीच्या संगणकावर नव्हे. तोंडीं हुकूम मिळाला कीं ‘आपण सांगितल्याप्रमाणें हें काम या रीतीनें करीत आहें’ असें नम्रपणें लेखी कळवावें. यांत भांडण नाहीं, पण जबाबदारी ज्याची त्याच्याकडे राहते. आणि लेखाची भीति जाचकांना फार असते. महिन्याभराच्या नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे आपली चूक किती व छळ किती, हें स्वतःसही कळतें. क्वचित् साहेबांचेंच म्हणणें रास्त होतें, असेंही निघेल.

चारचौघांत उलट उत्तर देऊं नये. बोलावयाचें तें एकांतांत, शांतपणें, एकाच प्रसंगाविषयीं बोलावें.

सरकारी नोकरींत वरिष्ठाचें मोठें शस्त्र म्हणजे गोपनीय अहवाल. पूर्वीं केवळ प्रतिकूल शेरेच नोकरास कळविण्याचा प्रघात होता. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अहवालांतील प्रत्येक शेरा कळविला पाहिजे असें ठरविलें, आणि २०१३ सालीं तीन न्यायाधीशांच्या पीठानें तेंच मत उचलून धरलें. केंद्र सरकारच्या नोकरास अहवाल हातीं आल्यापासून पंधरा दिवसांत आपलें म्हणणें मांडतां येतें. ही मुदत पुष्कळजण निव्वळ संकोचापायीं घालवितात, हें खेदजनक आहे.

खासगी कंपनींत मनुष्यबळ विभागाकडे जावें, परंतु तोही मालकाच्याच पगारावर आहे हें विसरूं नये. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ चा कायदा स्पष्ट आहे: दहा वा अधिक माणसें काम करतात तेथें अंतर्गत समिति हवी, व स्त्रीनें तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत करावयाची. नुसत्या पाणउताऱ्यासाठीं मात्र तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीं. जपाननें २०१९ सालीं कायदा करून वरिष्ठांचा जाच रोखण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. मोठ्या कंपन्यांस ती २०२० पासून व लहान कंपन्यांस २०२२ पासून लागू झाली.

कांहींच चालत नसेल तर तेथून निघण्यांत कमीपणा नाहीं. फक्त रागाच्या भरांत राजीनामा फेकूं नये. आधीं कांहीं महिन्यांचा घरखर्च गांठीं बांधावा, नेमणुकीच्या पत्रांतील पूर्वसूचनेची मुदत वाचावी, पगाराच्या पावत्या व प्रॉव्हिडंट फंडाचे आंकडे घरीं जपून ठेवावे, आणि हें सर्व घरच्यांना सांगून करावें. झोप उडाली, जीव नकोसा वाटूं लागला, तर मात्र हा हिशेब बाजूस ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, व तेथें मराठींतही बोलतां येतें.