कुलूप बाहेरून, कुलूप आतून

३१ ऑक्टोबर २०२१, रविवार. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये हॅलोविनची गर्दी होती. आदल्या दिवशी पार्कात येऊन गेलेल्या एका बाईची करोना चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि संध्याकाळी फाटकं बंद झाली. आत जाणाऱ्यांसाठी तर झालीच, बाहेर पडणाऱ्यांसाठीही झाली. नाकात काडी घालून घेतल्याशिवाय कुणाला घरी जाता येईना. त्या रात्रीचे फोटो जगभर फिरले. मागे किल्ल्यावर नेहमीची आतषबाजी आणि पुढे पांढऱ्या पीपीई किटमधल्या कर्मचाऱ्यांसमोर राजकन्यांचे झगे घातलेल्या मुली रांगेत उभ्या. सोमवारी सकाळपर्यंत ३३,८६३ जणांची चाचणी झाली. त्यांच्यात एकही पॉझिटिव्ह निघाला नाही. लोकांना घरी पोचवायला २२० बसगाड्या लावल्या होत्या.

त्याच वर्षी एप्रिल संपत येईपर्यंत कॅलिफोर्नियात याच्या नेमकी उलट तऱ्हा होती. अनाहाइममधलं मूळ डिस्नेलँड, १९५५ साली संत्र्यांच्या बागा हटवून वॉल्ट डिस्नेने उभारलेलं, तब्बल ४१२ दिवस बंद राहिलं. तिथे कुणाला आत जाता येत नव्हतं. कंपनी तीच, किल्ला तोच, उंदीरही तोच. एका फाटकाला बाहेरून कुलूप होतं, दुसऱ्याला आतून.

करोनाकाळातल्या निर्बंधांबद्दल बोलायला करमणुकीच्या बागा हा फालतू नमुना वाटेल. मला तो फार सोयीचा वाटतो. एकाच कंपनीच्या नावाने चालणारी ही पार्कं चीन, हाँगकाँग, जपान, फ्रान्स, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा अशी सहा सरकारांच्या हाताखाली आहेत. विषाणू सगळीकडे एकच होता, डॉक्टरांचं म्हणणंही थोड्याफार फरकाने एकच. किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, एवढंच बदलत होतं. शिवाय थीम पार्क ही मुळातच माणसाने पैसे मोजून आपलं स्वातंत्र्य गहाण ठेवण्याची जागा. तिथे पिशवी तपासून घ्यायची, दोरीच्या वळणांतून रांगेत सरकायचं, उंची कमी भरली तर मुकाट मागे फिरायचं. इतक्या शिस्तीच्या जागेत जास्तीची शिस्त लादली की ती लादणाऱ्याचा स्वभाव स्पष्ट दिसतो.

२५ जानेवारी २०२० ला, चिनी नववर्षाच्या दिवशी, शांघायचं पार्क बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी हाँगकाँगचं. टोकियोचं २९ फेब्रुवारीला, अनाहाइमचं १४ मार्चला, मागोमाग फ्लोरिडा आणि पॅरिस. अनाहाइममध्ये असं अवचित बंद ठेवण्याचे प्रसंग तोवर बोटांवर मोजण्याइतके होते: केनेडींच्या हत्येनंतरचा दुखवटा, १९९४चा भूकंप, ११ सप्टेंबर २००१. या खेपेला कंपनीने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत.

सगळ्यांत आधी उघडलं ते शांघाय, ११ मे २०२० ला. रोज ८० हजार माणसं पेलणाऱ्या पार्कात सरकारने २४ हजारांची मर्यादा घातली. फोनवरचा आरोग्याचा कोड हिरवा असेल तरच प्रवेश. तिकिटं पाहता पाहता संपली. तेव्हा जगाला, मलाही, हे मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. तीच शिस्त दीड वर्षाने माणसांना आत कोंडायच्या कामी येईल, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात आला असेल तर तो त्याने बोलून दाखवला नाही.

जपानने आपल्या रीतीने तोडगा काढला. थीम पार्कांच्या संघटनांनी मे महिन्यात नियमावली काढली आणि तीत रोलर कोस्टरवर ओरडणं टाळावं अशी सूचना होती, कारण ओरडलं की तोंडातले थेंब उडतात. फुजीच्या पायथ्याशी असलेल्या फुजी-क्यू पार्कने मग एक व्हिडिओच काढला. सूट-टाय आणि मास्क घातलेले दोन अधिकारी कोस्टरवरून ‘हूं’ की ‘चूं’ न करता जाऊन येतात आणि शेवटी पाटी येते, किंचाळायचं ते मनातल्या मनात. दंड नाही, पोलीस नाही. जग खदखदून हसलं, पण सहा सरकारांच्या गदारोळात मला हाच हुकूम सगळ्यांत माणुसकीचा वाटतो. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या पार्कांच्या संघटनेनेही ओरडण्यातून होणारा प्रसार कमी करण्याचे उपाय आपल्या नियमांत घातले, तेव्हा तिथली माणसं हसली नाहीत, चिडली.

कॅलिफोर्नियाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १७ जुलै २०२० ला, पासष्टाव्या वाढदिवशी, डिस्नेलँड पुन्हा उघडायचं असं कंपनीने जूनमध्ये जाहीर केलं. मग राज्याने सांगितलं की थीम पार्कांसाठीचे नियम ४ जुलैनंतरच निघतील, आणि बेत बारगळला. एक गोष्ट तेव्हा झाकली गेली. पार्क उघडण्याला पहिला विरोध तिथल्या कामगार संघटनांचाच होता. सुमारे १७ हजार कामगारांच्या वतीने त्यांनी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना कळवलं होतं की आमच्या सुरक्षिततेची आम्हाला खात्री वाटत नाही. ऑक्टोबर उजाडेपर्यंत घरात पगार येईनासा झाला, कंपनीशी बोलणी झाली, आणि त्यांतल्याच काही संघटना आता उघडा म्हणू लागल्या. मधल्या काळात विषाणू बदलला नव्हता. बदललं होतं ते शिलकीतलं पीठ-मीठ.

ऑगस्टअखेर राज्याने जिल्ह्यांची चार रंगांत वाटणी केली: जांभळा, लाल, नारिंगी, पिवळा. २० ऑक्टोबरला थीम पार्कांचे नियम आले. मोठी पार्कं फक्त पिवळ्या रंगात उघडायची, तीही क्षमतेच्या २५ टक्क्यांवर. पिवळं व्हायचं तर रोज लाखामागे एकाहून कमी रुग्ण हवेत. अनाहाइम ज्यात येतं त्या ऑरेंज काउंटीची वस्ती ३० लाखांच्या वर, म्हणजे दिवसाला तीसेक रुग्ण. गंमत अशी की दुकानांवर अशी सक्ती नव्हती. नोव्हेंबरमध्ये डिस्नेने शेजारच्या ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ पार्कातला पहिला रस्ता खरेदी-खाण्यासाठी खुला केला. पार्काच्या आत उभं राहून टोपी विकत घेता येत होती, पाळण्यात बसता येत नव्हतं. मार्च २०२१ मध्ये तर ७५ डॉलरचं तिकीट लावून खाद्यमहोत्सव भरवला. सगळे पाळणे बंद, तरी लोक आले. नुसतं आत असण्यासाठी ७५ डॉलर मोजणारी ती माणसं आठवली की मला कळस बघून परतणारे वारकरी आठवतात. तुलना चुकीची असेल, पण आठवतात.

सप्टेंबर २०२० च्या शेवटी डिस्नेने २८ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्यांतले दोन तृतीयांश अर्धवेळ कामगार. पुढे आकडा ३२ हजारांवर गेला. पत्रकात कॅलिफोर्निया सरकारच्या आडमुठेपणाला बोल लावला होता, आणि त्याच सुमारास कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर राज्याच्या आर्थिक पुनरुभारणीच्या समितीतून बाहेर पडले. पत्रकातला राग खोटा नव्हता, पण अर्धाच खरा होता. कमी झालेल्यांत फ्लोरिडाचेही हजारो लोक होते, आणि फ्लोरिडातली पार्कं तर जुलैपासून उघडी होती. सरकारने फाटक उघडलं म्हणून विमानातून माणूस येतोच असं नाही. कंपनीला निदान दुसरा हात होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘डिस्ने प्लस’ घरात अडकलेल्या जगाच्या जिवावर फुगत गेली आणि मार्च २०२१ मध्ये तिचे ग्राहक १० कोटींवर पोचले. अनाहाइमच्या हार्बर बूलेव्हार्डवर पार्काच्या समोर मोटेल चालवणाऱ्याला असा दुसरा हात कुठला? त्याचं गिऱ्हाईक फाटकातूनच यायचं. आणि खोल्यांवरच्या करावर चालणाऱ्या अनाहाइम नगरपालिकेचंही तेच.

मग हक्कांचं काय? कायद्यापुढे पाळण्यात बसायचा हक्क असा काही नसतो आणि धंदा चालवायचा हक्कही अशा वेळी लंगडाच ठरतो. अमेरिकेत याचं मूळ १९०५ च्या जेकबसन खटल्यात आहे. देवीची लस न घेणाऱ्या एका पाद्र्याला मॅसॅच्युसेट्समध्ये ५ डॉलर दंड झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. धर्माची गोष्ट मात्र निराळी. मे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चर्चने निर्बंधांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या, एमी कोनी बॅरेट आल्या. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रकरणात तोच आकडा उलटा फिरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाची बंद सभागृहातल्या प्रार्थनेवरची सरसकट बंदी उठली, गाण्यावरची मात्र तेव्हा तशीच राहिली. न्यायाधीशांपुढे प्रश्न साधा होता: दुकान उघडं असेल तर देऊळ बंद का?

हे वाक्य आपण महाराष्ट्रात घरोघरी ऐकलेलं आहे. इथे ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं आणि बार उघडले, देवळं दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. मधल्या सहा आठवड्यांत राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात ‘सेक्युलर’ शब्दावरून पत्रांचा खणखणाट झाला. सिनेमा-नाटकाची दारं ५ नोव्हेंबरपासून निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या एप्रिलात पुन्हा लागली, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. आणि हे सगळे हुकूम ज्या साथरोग कायद्याच्या आधाराने निघत होते तो १८९७चा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. त्याच वर्षी पुण्यात घरं तपासणाऱ्या रँड या ब्रिटिश अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. देवळाच्या बाजूने बोलायला राजभवन होतं. फडावरच्या सोंगाड्यासाठी आणि जत्रेत पाळणा लावणाऱ्यासाठी घटनेतलं कुठलं कलम काढायचं? अनाहाइमच्या पाळणेवाल्याची आणि त्याची अडचण एकच.

फ्लोरिडा उघडं राहिलं, म्हणून तिथे कंपनी मोकळी होती असं समजायचं कारण नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ११ जुलै २०२० ला उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात १५,२९९ नवे रुग्ण नोंदले गेले, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा तोवरचा एका दिवसातला सर्वाधिक आकडा. आत कंपनीने आपली शिस्त लावली. चालता चालता खायचं नाही, कारण खाताना मास्क उतरतो. पाळण्यात मास्क काढला तर तुमचा फोटो मिळणार नाही. पार्कांतून मोठा उद्रेक झाल्याचं काही पुढे आलं नाही. पण मे २०२१ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी जो कायदा केला त्याने धंद्यांना ग्राहकाकडे लशीचा दाखला मागायची बंदी झाली, आणि नोव्हेंबरमधल्या कायद्यानंतर डिस्नेला आपल्या कर्मचाऱ्यांवरची लससक्ती तिथे थांबवावी लागली. म्हणजे कॅलिफोर्नियात सरकारने सांगितलं, दार उघडायचं नाही. फ्लोरिडात सांगितलं, दारात उभं राहून विचारायचं नाही. दुसऱ्याचं नाव स्वातंत्र्य होतं. त्याच दिवसांत फ्रान्समध्ये, २१ जुलै २०२१ पासून, लशीचा किंवा चाचणीचा दाखला दाखवल्याशिवाय पॅरिसच्या पार्कात पाऊल टाकता येत नव्हतं आणि शनिवार-शनिवार लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरत होते.

हाँगकाँगने आणखी निराळी चाल केली. पार्काच्या विस्तारासाठी राखून ठेवलेल्या शेजारच्या जमिनीवर सरकारने विलगीकरणाच्या खोल्या उभ्या केल्या, पेनीज बे नावाची वसाहत. त्या जमिनीवरचा डिस्नेचा अग्रहक्कही सप्टेंबर २०२० मध्ये पुढे चालू ठेवला नाही.

अनाहाइममध्येही जागेचा असाच उपयोग झाला, जरा सुखाचा. जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेलँडच्या वाहनतळावर ऑरेंज काउंटीचं पहिलं मोठं लसीकरण केंद्र उभं राहिलं. मार्चमध्ये राज्याने नियम सैल केले. त्यामागे लस होती, रुग्णसंख्येचा उतार होता, आणि न्यूसम यांना परत बोलावण्यासाठी जमत चाललेल्या सह्याही होत्या. लोकांना घरी बसा सांगणारा गव्हर्नर नापा खोऱ्यातल्या महागड्या हॉटेलात वाढदिवसाच्या मेजवानीला बसलेला नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनी पाहिला होता, ते कुणी विसरलं नव्हतं. (सप्टेंबरच्या मतदानात ते आरामात तरले. चिडलेले लोक मोठ्याने बोलतात, पण संख्येने जास्त असतातच असं नाही.) ३० एप्रिल २०२१ ला डिस्नेलँड उघडलं, फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. जूनच्या मध्यापासून सगळ्यांसाठी.

शांघायचं मात्र संपेना. २०२२ च्या मार्चमध्ये पार्क बंद झालं ते जूनअखेर उघडलं. पुन्हा ३१ ऑक्टोबर, पुन्हा हॅलोविन. दुपार व्हायच्या आत फाटकं लागली आणि चाचणी निगेटिव्ह आल्याशिवाय बाहेर सोडणार नाही असं जाहीर झालं. काही पाळणे चालू ठेवले होते, अडकलेल्यांच्या करमणुकीसाठी. डिसेंबरमध्ये चीनने कडक निर्बंधांचं आपलं धोरण गुंडाळलं.

सहाही पार्कांतल्या जमिनीवरच्या अंतराच्या पट्ट्या आता निघाल्या आहेत. एक-दोन गोष्टी मात्र निघाल्या नाहीत. गर्दी मोजण्यासाठी आणलेली आगाऊ आरक्षणाची पद्धत अनाहाइममध्ये साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहिली. रांग टाळायची ‘फास्टपास’ची सोय अमेरिकेतल्या पार्कांत आधी फुकट होती. करोनात ती बंद झाली. २०२१ च्या अखेरीस ती परत आली तेव्हा तिचं नाव बदललेलं होतं आणि तिला पैसे पडत होते. हा निर्णय मात्र कुठल्याही गव्हर्नरने घेतलेला नव्हता.