नळीतला लाल ठिपका (भाग ९) : एक दशांश मिलिमीटरचं भांडण

या वेळी ‘सफरचंद’ (म्हणजे टरेटवरचा इन्फ्रारेड रिसीव्हर) सोलणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांनी नेमकं माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. त्यांच्याकडे रिमोटवर चालणारा १:१६ चा टायगर रणगाडा आहे. बाजारातून सहा मिलिमीटर जाडीचं लाल लेसर मोड्यूल आणलं आणि ते तोफेच्या नळीत शिरत नाही. विचारतात, ड्रिल मारू का?

नका मारू. आधी थोडा भागाकार करू.

टायगरची तोफ ८८ मिलिमीटरची. सोळाने भागा : साडेपाच. सहाचं मोड्यूल साडेपाचात जाणार नाही, हे उघडच आहे. पण खरी चेष्टा पुढे आहे. मोड्यूलचं पितळी कवच सोलून काढलं, तर आत जो लेसर डायोड सापडतो, त्याची नेहमीची बैठक ५.६ मिलिमीटरची असते. म्हणजे एक दशांश मिलिमीटरने अडतं! तो एक दशांश घासून काढायच्या नादात मी दोन डायोड आणि एक रविवार घालवलाय. शिवाय डायोड शिरला तरी भिंग कुठे बसवणार? भिंगाशिवाय लेसरचा उजेड पंख्यासारखा पसरतो, ठिपका होतच नाही.

बाकीच्या मंडळींची कुंडलीही मांडू. शर्मनची ७५ ची तोफ ४.७ वर येते, नाव काढू नका. टी-३४/८५ आली ५.३ वर, टायगरपेक्षाही चिंचोळी. पण रशियाच्याच आयएस-२ ची १२२ ची तोफ ७.६ भरते, त्यात मोड्यूल नुसतं सोडलं तरी खुळखुळतं. लेपर्ड-२ ची १२० ची तोफ साडेसात. आणि आपला विजयंता? १०५ भागिले सोळा, ६.५६. सहाचं मोड्यूल आत, भोवती पाव मिलिमीटरची फट, म्हणजे कागदाचा एखाददुसरा वेढा. जणू विजयंता बनवणाऱ्या, चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्याने आमच्यासाठीच माप घेतलं होतं.

विजयंताचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेला जाऊ. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात गेलात तर त्याच्या तोफेकडे सगळेच बघतात. तिच्या शेजारची मशिनगन मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ती १२.७ मिलिमीटरची, आणि तिचं मुख्य काम माणसं मारणं नव्हतं, अंतर मोजणं होतं. गनर तिच्यातून चमकत जाणाऱ्या गोळ्यांची छोटी फैर झाडायचा, त्या जिथे पडतात ते बघायचा, त्यावरून अंतर ठरवायचा आणि मग मोठी तोफ. सेंच्युरियनवरही हीच युक्ती होती. पुढे लेसरने अंतर मोजता येऊ लागलं आणि ही बंदूक निवृत्त झाली. आपण खेळण्यात जो लाल ठिपका बसवतो, तो मला त्या बंदुकीचा नातू वाटतो : घाव घालत नाही, फक्त तोफ कुठे बघतेय ते सांगतो. घाव घालायला अदृश्य इन्फ्रारेड आहेच, ते आपण पाचव्या भागात बसवलंय.

तर आता टायगर. नळीचा हट्ट सोडा. टायगरच्या तोफेच्या बुडाशी जी जाड ढाल असते, तिच्यावर तोफेच्या डाव्या हाताला गनरच्या दुर्बिणीची भोकं आहेत. सुरुवातीच्या टायगरला दोन, कारण दुर्बीण दोन डोळ्यांची होती. १९४४ मध्ये एका डोळ्याची दुर्बीण आली आणि भोकही एकच उरलं. तुमचं मॉडेल जुन्या टायगरचं असेल तर नशीबवान आहात : एक भोक जर्मन गनरला, एक तुम्हाला. मोड्यूल त्या भोकाच्या मागे, ढालीच्या आतल्या अंगाला चिकटवायचं. ढाल तोफेबरोबरच वर-खाली होते, म्हणून ठिपकाही होतो. नळी मागे धक्का खाते तेव्हा लेसरची वायर ओढली जात नाही, हा वरकड फायदा. ठिपका तोफेच्या दोनेक सेंटिमीटर डावीकडे पडेल. पडू द्या. दोन्ही रेषा समांतर ठेवल्या की एका मीटरवर दोन सेंटिमीटर आणि दहा मीटरवरही दोनच.

पण समांतर ठेवायच्या कशा? स्वस्त मोड्यूलमध्ये किरण कवचाच्या मधोमध सरळ निघतोच असं नाही. तपासायची पद्धत सोपी. दोन पेन्सिली शेजारी शेजारी टेबलावर चिकटवा, मधल्या खाचेत मोड्यूल ठेवा, तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि मोड्यूल बोटाने हळूहळू फिरवा. ठिपका जागच्या जागी राहिला तर दुकानदाराला मनातल्या मनात नमस्कार करा. माझ्या पहिल्या मोड्यूलने भिंतीवर बांगडीएवढं वर्तुळ काढलं होतं. अशा वेळी मोड्यूल जरा ऐसपैस नळीत घालून तीन बाजूंनी बारीक स्क्रू लावायचे आणि पिळून पिळून ठिपका जागेवर आणायचा. त्यानंतरच गोंद.

विजेचं एकच सांगतो, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. रेझिस्टरचा हिशोब ७.४ व्होल्टवर केला होता. नुकतीच चार्ज झालेली बॅटरी ८.४ देते, हे डोक्यात आलं नाही. करंट वीसेक टक्के वाढला. साध्या एलईडीने तो निमूट गिळला असता. लेसरचं तसं नसतं. त्याला एक उंबरठा असतो. तो ओलांडला की थोड्याशा जादा करंटलाही उजेड भराभर चढतो, आणि त्या उजेडानेच डायोडचं तोंड जळतं. जळाला तरी तो विझत नाही, हे गमतीचं. भिंतीवरचा टोकदार ठिपका जाऊन तिथे मळकट तांबूस डाग येतो. लेसर मेला, मागे एलईडी उरला. तेव्हा करंट आवरून धरणारा ड्रायव्हर असलेलंच मोड्यूल घ्या.

हिरवा लेसर लावू का, असंही त्याच पत्रात विचारलंय. तेवढ्याच ताकदीचा हिरवा डोळ्याला लालपेक्षा आठेक पट उजळ दिसतो, म्हणून मोह होतो. पण स्वस्त हिरव्या लेसरच्या पोटात मुळात इन्फ्रारेड असतं, आणि गाळणी नसली तर तेही बाहेर सांडतं. ते दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. लालच घ्या, आणि तोही एक मिलिवॉटच्या आतला. दुकानात सर्रास मिळणारे पाचचे असतात. मोठ्या माणसाच्या गुडघ्याखालून किरण जातो, पण आमच्याकडे रणगाडे फरशीवर धावतात आणि बघायला शेजारची पोरं पालथी पडलेली असतात, हनुवटी जमिनीला टेकवून. त्यांचे डोळे नेमके टरेटच्या उंचीवर येतात. म्हणून माझा ठिपका फायरचं बटण दाबल्यावर अर्धा सेकंदच लागतो, आणि तोफ दोन अंश खाली झुकवून ठेवलेली आहे.

सांगलीकरांनी भोकाचा व्यास मोजून कळवावा. पुढच्या वेळी सफरचंद. नक्की.