विजेच्या पंगतीत पान कोणाचे?

दिवेलागणीच्या वेळी भिंतीवरचे बटण दाबले की घर उजळते, आणि महिनाअखेरीस देयक आले की घरधन्याच्या कपाळावर आठी उमटते. या दोन क्षणांपलीकडे विजेचा विचार करण्याचे प्रयोजन आपणांस क्वचितच पडते. परंतु त्या बटणामागे कोळशाची खाण आहे, एखादे धरण आहे, धरणाखाली बुडालेली गावे आहेत, शेतातला पंप आहे, कारखान्याचे यंत्र आहे, आणि या सर्वांच्या परस्परविरोधी मागण्यांतून काढलेला एक निर्णय आहे. तो निर्णय कोण करतो आणि करताना कोणाकोणाला विचारतो, हा प्रश्न वरवर रुक्ष दिसला तरी प्रत्येक घराच्या चुलीशी निगडित आहे.

ऊर्जेच्या बाबतीत सर्वांचे हित एकच असते असे समजणे भाबडेपणाचे होईल. शेतकऱ्याला स्वस्त वीज हवी, तीही दिवसा. कारखानदाराला अखंड वीज हवी, आणि शेतकऱ्याच्या सवलतीचा भार आपल्यावर का, असे तो विचारतो. खाणकामगाराला कोळसा चालू राहायला हवा, तर राखेने काळवंडलेल्या गावाला तो थांबायला हवा. यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच ही सर्व मंडळी एका जाजमावर बसल्याविना जे धोरण ठरते, ते कागदावर कितीही देखणे असले तरी पुढे कोठे तरी अडखळतेच.

आपल्या देशात अशा बैठकीचा एक आरंभ १९४३ साली झाला. इंदूरजवळच्या महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम व वीज या विषयांच्या धोरण समितीची बैठक २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. केंद्र सरकार, प्रांत, संस्थाने आणि उद्योग-व्यापार यांचे प्रतिनिधी तेथे एकत्र आले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, तिचा कारभार प्रांतांनी पाहावा की केंद्राने, हे मूलभूत प्रश्न बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे मांडले. स्वस्त व विपुल वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची विचारसरणी होती. वीज म्हणजे केवळ तांत्रिक बाब नव्हे, ती सामाजिक न्यायाची बाब आहे, ही जाणीव तिच्यामागे स्पष्ट दिसते.

पुढे दामोदर खोऱ्याच्या योजनेत या पद्धतीची कसोटी लागली. १९४३ च्या महापुराने बंगालची दैना उडविली होती. धरणे बांधावीत तर पूर टळणार बंगालचा आणि जमीन बुडणार मुख्यतः बिहारची! असा तिढा फर्मानाने सुटत नसतो. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास केंद्र, बंगाल व बिहार यांच्या प्रतिनिधींची परिषद झाली. वाटाघाटी पुढेही चालू राहिल्या, आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

परंतु याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या वाटाघाटींत सरकारे होती, अभियंते होते. ज्यांची घरे पाण्याखाली जाणार होती ते मात्र नव्हते. ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाच्या उद्घाटनास पंडित नेहरू आले, तेव्हा त्यांनी स्वतः बटण न दाबता बुधनी मेझान या धरणावर काम करणाऱ्या संथाळ तरुणीकडून ते दाबून घेतले. नेहरूंचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. पण त्या समारंभात तिने पाहुण्यांना हार घातला, तिच्या समाजाने त्याला विवाह मानले, आणि ती वाळीत पडली. बटण दाबण्यासाठी तिचा हात बोलावला गेला. धरण ठरत असताना तिच्या गावाला कोणी बोलाविले नव्हते. मानाचे पान आणि पंगतीतले पान यांत केवढे अंतर असते, हे याहून अधिक बोलक्या रीतीने सांगता येणार नाही.

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली, आणि त्यांना सल्ला देण्यासाठी परिषदाही सुचविल्या. मंडळांनी खेडोपाडी तारा नेल्या, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु दर आणि करार यांचे निर्णय मात्र दीर्घकाळ कचेऱ्यांच्या बंद दारांआडच होत राहिले. त्याचे मोल महाराष्ट्राला दाभोळ प्रकल्पात मोजावे लागले. एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार २० जून १९९२ रोजी झाला, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. ज्या कराराचे ओझे पुढे ग्राहकाच्या माथी येणार होते, तो ग्राहकाला पाहावयासही मिळाला नव्हता. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये तो फेरवाटाघाटीने पुन्हा उभा राहिला, आणि मे २००१ मध्ये मंडळाने तेथील वीज घेणेच थांबविले. त्या वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीला या व्यवहाराची चिरफाड करावी लागली. जी चर्चा १९९२ साली व्हावयाची, ती नऊ वर्षांनी पंचनाम्याच्या रूपाने झाली.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच सापडते. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १९९९ मध्ये तेथे वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि दरवाढीच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावणी होऊ लागली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी मंडळाचे आकडे तपासून प्रश्न विचारले. शेतीपंपांना मीटर नव्हते. पंपाच्या अश्वशक्तीवर आकारणी होई, आणि शेतीचा वापर अंदाजाने मांडला जाई. त्या अंदाजात चोरी आणि गळतीही दडून जात असे. सुनावणीच्या उजेडात, पूर्वी १७-१८ टक्क्यांच्या घरात सांगितली जाणारी गळती वस्तुतः ३० टक्क्यांच्या वर असल्याचे मान्य करावे लागले. म्हणजे ‘शेतकरी वीज खातो’ असा जो बोभाटा होता, त्यातला मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या शेतात कधी पोचलाच नव्हता. निरनिराळ्या हितांची माणसे समोरासमोर आली की केवळ भांडण होते असे नाही. कधी कधी सत्यही बाहेर येते.

२००३ च्या वीज कायद्याने हा अधिकार देशभर पक्का केला. दर ठरविण्यापूर्वी प्रस्ताव प्रसिद्ध करणे आणि जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेणे आयोगावर बंधनकारक आहे. कलम ८७ अन्वये प्रत्येक राज्यात सल्लागार समिती असावयास हवी. तिच्यात वाणिज्य, उद्योग, वाहतूक, शेती, कामगार, ग्राहक, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन संस्था यांचे जास्तीत जास्त २१ प्रतिनिधी घ्यावयाचे. पंगत मांडण्याची याहून स्पष्ट आज्ञा कोणती असणार? तथापि पान मांडले म्हणून जेवणारा येतोच असे नाही. किचकट भाषेतील शेकडो पृष्ठांचा प्रस्ताव वाचून हरकत नोंदविणे हे कारखान्याच्या वकिलाला सोपे, पण दहा एकरांच्या शेतकऱ्याला किंवा घर सांभाळणाऱ्या गृहिणीला अवघड असते.

आणि विचारणे जर नावापुरते झाले, तर अविश्वास बळावतो. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनाच्या मागण्यांत वीज कायद्यातील प्रस्तावित दुरुस्ती मागे घ्यावी, हीही एक होती. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने चर्चेचे आश्वासन दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले तेव्हा, आपल्याशी चर्चा झालीच नाही, अशी तक्रार शेतकरी व वीज कर्मचारी संघटनांनी केली. विधेयक संसदीय समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच संपुष्टात आले. ते विधेयक चांगले होते की वाईट हा निराळा विषय. पण आधी न झालेली चर्चा नंतर वाट अडविते, हा दाभोळचाच धडा येथे पुन्हा दिसला.

परदेशातील एक प्रयोग या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. कोळशाची वीज केव्हा आणि कशी बंद करावी हे ठरविण्यासाठी जर्मनीने जून २०१८ मध्ये एक आयोग नेमला. मतदानाचा अधिकार असलेल्या २८ सदस्यांत उद्योगपती, कामगार संघटना, पर्यावरणवादी, शास्त्रज्ञ आणि खाणपट्ट्यातील रहिवासी होते. जानेवारी २०१९ मध्ये, रात्रभर चाललेल्या अखेरच्या बैठकीनंतर, २७ विरुद्ध १ मताने निर्णय झाला: उशिरात उशिरा २०३८ पर्यंत कोळसा बंद, आणि खाणपट्ट्यांना सावरण्यासाठी सुमारे ४० अब्ज युरो. विरोधी पडलेले एकमेव मत खाणीच्या छायेतील वेल्त्सो गावच्या हानेलोरे वोट्के यांचे होते. २०२० मध्ये कायदा झाला, तेव्हा त्यात समझोत्याचा आशय पुरता उतरला नाही अशी नाराजी आयोगाच्या काही माजी सदस्यांनीच व्यक्त केली. प्रयोग निर्दोष नव्हता. परंतु कामगाराच्या पोटाचा प्रश्न निर्णयाच्या आधी विचारला गेला आणि विरोधी मतही नोंदले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केला. सिंगरौली, चंद्रपूर, कोरबा येथील लक्षावधी संसार कोळशावर उभे आहेत. त्यांच्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न खाणी बंद झाल्यावर विचारावयाचा की आजच?

आपण मराठी मंडळी निरनिराळ्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहोत. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगण येथे स्वतंत्र आयोग आहेत. गोव्यासाठी केंद्रशासित प्रदेशांसह संयुक्त आयोग आहे. आपल्या मंडळांतून व्याख्यानमाला होतात, गणेशोत्सव होतात. त्याच सभागृहात वर्षातून एक संध्याकाळ दरवाढीचा प्रस्ताव समजून घेण्यासाठी ठेवली, निवृत्त अभियंत्याने तो सोप्या भाषेत उलगडून सांगितला, शेजारच्या शेतकऱ्याला आणि लघुउद्योजकालाही बोलाविले, आणि सर्वांच्या सहीने एक हरकत आयोगाकडे गेली, तर तेही राष्ट्रीय धोरणातले आपले योगदानच ठरेल. कायद्याने आपले पान मांडून ठेवले आहे. पाटावर जाऊन बसणे मात्र आपल्याच हाती आहे.