शिकाऊ परवाना आणि अल्पवयीन चालक : नियमभंगाचे कायदेशीर परिणाम

रस्ते सुरक्षा हा आता केवळ वाहतूक पोलिसांचा विषय राहिलेला नाही. सन २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. देशाच्या उत्पादक मनुष्यबळाची ही हानी लक्षात घेता, वाहन चालविण्यास नुकतीच सुरुवात करणाऱ्या किशोरवयीन चालकांसंबंधीच्या कायद्याला विशेष महत्त्व प्राप्त होते. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, चूक मुलाची असली तरी तिचा भार पालक, वाहनमालक आणि मुलाचे भवितव्य या तिघांवर विभागला जातो. ही विभागणी शिकाऊ परवाना आणि त्याच्या अटी यांवर अवलंबून असते.

कायद्याची चौकट

यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत (नोंद ३५) समाविष्ट आहे. त्यानुसार संसदेने मोटार वाहन अधिनियम, १९८८ संमत केला व तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. कलम ३ अन्वये परवान्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही. कलम ४ अन्वये त्यासाठी किमान वय १८ वर्षे असून परिवहन वाहनांसाठी ही मर्यादा २० वर्षे आहे. याला एकच सवलत आहे : ५० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेचे इंजिन नसलेली मोटारसायकल १६ वर्षे पूर्ण झाल्यावर चालविता येते. मात्र अशा अर्जदाराला शिकाऊ परवान्यासाठी पालकाची लेखी संमती आवश्यक असते.

सन २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने दंडाच्या रकमांत मोठी वाढ केली. परवान्याशिवाय किंवा वयोमर्यादेचा भंग करून वाहन चालविल्यास (कलम १८१) पूर्वी कमाल ५०० रुपये दंड होता. तो ५,००० रुपये झाला. अशा व्यक्तीच्या हाती वाहन सोपविणाऱ्या मालकाचा दंडही (कलम १८०) १,००० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आला. दोन्ही कलमांत तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

शिकाऊ परवान्याचा खरा अर्थ

शिकाऊ परवाना म्हणजे वाहन चालविण्याची तात्पुरती मोकळीक, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची रचना मात्र वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ शिकाऊ व्यक्तीला कलम ३ च्या बंधनातून सूट देतो. परंतु ही सूट तीन अटींच्या अधीन आहे. पहिली, तिच्याकडे वैध शिकाऊ परवाना असला पाहिजे. दुसरी, त्या वाहनाचा वैध परवाना असलेला प्रशिक्षक सोबत असला पाहिजे आणि वाहन नियंत्रित करता वा थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असला पाहिजे. तिसरी, वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर असलेली पाटी लावलेली असली पाहिजे. दुचाकी शिकताना प्रशिक्षकाव्यतिरिक्त अन्य कोणालाही मागे बसविता येत नाही.

यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. या अटींपैकी एकीचाही भंग झाला तर सूट संपुष्टात येते आणि कलम ३ पुन्हा लागू होते. खिशात शिकाऊ परवाना असूनही मित्राला मागे बसवून एकट्याने दुचाकी चालविणारा विद्यार्थी विनापरवाना चालकाच्या पंक्तीत जाऊन बसतो.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असून तो मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनंतरच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हा कालावधी कौशल्य आत्मसात करण्यासाठी आहे.

कलम १९९-अ : पालकांचे उत्तरदायित्व

सन २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट केलेले कलम १९९-अ हे या विषयाचे केंद्रस्थान होय. अल्पवयीन व्यक्तीने या अधिनियमाखालील अपराध केल्यास तिचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. संबंधित अल्पवयीन व्यक्तीला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ अथवा पक्का परवाना मिळू शकत नाही. याशिवाय अधिनियमातील दंडही तिला लागू होतो.

वाहनाचा वापर पालक किंवा मालकाच्या संमतीनेच झाला, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्या नकळत अपराध घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. फौजदारी कायद्यात पुराव्याचा भार सामान्यतः अभियोग पक्षावर असतो. येथे तो उलटविण्यात आला आहे. ‘किल्ली घरात ठेवलेली होती’ एवढे सांगणे त्यामुळे पुरेसे ठरेलच असे नाही.

या कलमाला एक अपवाद आहे. अल्पवयीन व्यक्तीकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना असेल आणि तो ज्या वाहनासाठी दिला आहे तेच वाहन ती चालवीत असेल, तर पालकाला हे विशेष दायित्व लागू होत नाही. व्यवहारात मात्र या अपवादाची व्याप्ती अतिशय मर्यादित आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या वाहनाचा परवाना मिळतो आणि अशी पेट्रोल वाहने बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर १०० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या असतात. ती स्कूटर घेऊन शिकवणीला जाणारा मुलगा परवानाधारक असला तरी या अपवादाच्या बाहेर राहतो.

विमा आणि नुकसानभरपाई

दंडापेक्षाही मोठा आर्थिक आघात नुकसानभरपाईच्या रूपाने होऊ शकतो. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मार्गदर्शक आहेत. सन २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात शिकाऊ परवानाधारक हाही ‘रीतसर परवानाधारक’ असल्याचे न्यायालयाने मान्य केले. सन २०११ च्या एका निकालात, परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल चालविताना झालेल्या अपघाताबाबत विमा कंपनीने प्रथम भरपाई द्यावी व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, हा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. पीडित कुटुंबाला दिलासा आणि मालकावर अंतिम भार, असे हे ‘आधी भरणा, मग वसुली’ तत्त्व आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाची अनेक वर्षांची बचत अशा एका वसुलीत संपुष्टात येऊ शकते.

बाल न्यायाची भूमिका

अपघातात मृत्यू घडल्यास मोटार वाहन अधिनियमाबरोबरच फौजदारी कायदा लागू होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) अन्वये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पूर्वीच्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. तथापि १८ वर्षांखालील व्यक्तीचे प्रकरण बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे चालते. सोळा ते अठरा वयोगटातील व्यक्तीवर प्रौढ म्हणून खटला चालविण्याचा विचार केवळ ‘निर्घृण’ अपराधांच्या बाबतीत होतो. किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असेल तरच अपराध या वर्गात मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील २०१६ च्या एका अपघातासंबंधी जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.

मे २०२४ मध्ये पुणे येथे भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मंडळाने सतरा वर्षांच्या चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने देशभर संताप व्यक्त झाला. प्रौढ म्हणून खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. या घटनेने मूलभूत प्रश्न पुढे आणला. बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ दोषसिद्धीमुळे येणारी अनर्हता मुलाला लागू होऊ नये असे सांगते, तर कलम १९९-अ त्याला पंचविशीपर्यंत परवान्यापासून दूर ठेवते. पुनर्वसन आणि सार्वजनिक सुरक्षितता या दोन उद्दिष्टांमधील हा ताण परीक्षार्थींनी विशेषत्वाने अभ्यासावा.

अठराव्या वर्षानंतर

अठरा वर्षे पूर्ण केलेला शिकाऊ चालक स्वतःच उत्तरदायी ठरतो. शिरस्त्राण न वापरणे (कलम १९४-ड) आणि दुचाकीवर तिघांनी बसणे (कलम १९४-क) यांसाठी १,००० रुपये दंडाबरोबरच तीन महिन्यांची अनर्हता आहे. लाल दिवा ओलांडणे, वाहन चालविताना मोबाईल हाती धरणे किंवा विरुद्ध दिशेने वाहन नेणे ही कृत्ये धोकादायक रीतीने केल्यास ‘धोकादायक वाहनचालना’त (कलम १८४) मोडतात. तडजोडीची रक्कम राज्यागणिक भिन्न असू शकते. अनर्हतेचा परिणाम मात्र दंड भरून पुसला जात नाही. ज्या युवकाची उपजीविका पुढे वाहनावरच अवलंबून राहणार आहे, त्याच्यासाठी तो दंडाहून भारी ठरतो.

समारोप

कठोर शिक्षेचे भय आवश्यक असले तरी पुरेसे नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कायदेशीर वाहन जवळपास उपलब्ध नसेल आणि शाळा-महाविद्यालयांपर्यंत सार्वजनिक वाहतूक पोहोचत नसेल, तर नियमभंग ही अनेक कुटुंबांची दैनंदिन सवय बनते. म्हणून अंमलबजावणीबरोबरच विद्यार्थ्यांसाठी सुलभ बससेवा, सुरक्षित सायकल मार्ग आणि शिकाऊ काळातील दर्जेदार प्रशिक्षण यांची जोड आवश्यक आहे. शिकाऊ परवान्याच्या तीन अटी काटेकोरपणे पाळणे हे चालकाचे, कुटुंबाचे आणि रस्त्यावरील अनोळखी पादचाऱ्याचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.