मुंब्र्याच्या वळणावर कान काय सांगतो

ठाणे स्टेशनात गाडी थांबलेली असते. शेजारच्या रुळावरची लोकल अलगद सुटते आणि आपल्याला वाटतं, निघालो एकदाचे. मग दुसऱ्या बाजूचा वडापावचा स्टॉल जागच्या जागी दिसतो आणि माणूस ओशाळतो. डोळे फसले हे खरं, पण कानाने वेळीच हरकत का घेतली नाही?

कारण अंतर्कर्णातली तोलाची यंत्रणा वेग मोजतच नाही, वेगातला बदल मोजते. सरळ रुळावर एका वेगाने धावणारी गाडी आणि उभी गाडी तिच्या लेखी सारखीच. सुरुवात हळू झाली तर तो बदलही जेमतेम जाणवतो. कान गप्प बसला की मेंदू डोळ्यांचा कौल मानतो.

ही यंत्रणा ऐकण्याच्या शंखाला लागूनच असते. तिच्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी जवळपास काटकोनात. डोकं वळलं की नलिका वळते, आतला द्रव मात्र मागे रेंगाळतो आणि वाटेतला जेलीसारखा पडदा वाकवतो. त्यात रुतलेले सूक्ष्म केस एका बाजूला कलले की मेंदूकडे जाणारे संदेश वाढतात, दुसऱ्या बाजूला कलले की घटतात. फुगडी रंगात आली की द्रवही आपल्याबरोबर फिरू लागतो आणि पडदा सरळ होतो. आपण थांबतो, द्रव थांबत नाही. म्हणून खोली गरगरते.

या नलिकांची चपळाई बघायची तर एखादं छापील पान समोर स्थिर धरा आणि नाही म्हणताना हलवतो तशी मान भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवा. ओळी पुसट होतात. पहिल्या वेळी नलिकांनी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळे उलट दिशेला वळवलेले असतात. दुसऱ्या वेळी डोळ्यांना बघून पाठलाग करावा लागतो, आणि तिथे ते मागे पडतात.

वळणाची गोष्ट याहून मजेशीर आहे. ऑस्ट्रियाचा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख (माख आकडावाला तोच) याला वळणावरच्या आगगाडीतून बाहेरची घरं, झाडं कललेली दिसली. १८७५ मध्ये त्याने गतीच्या संवेदनांवर पुस्तकच लिहिलं. हा अनुभव घ्यायला परदेशी जायला नको. दिव्याहून ठाण्याकडे येताना मुंब्र्याच्या वळणावर गाडीला वेग असेल तर डोंगराखालच्या इमारतींकडे बघा. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच असतो, डबा आत कलतो. पण आपल्याला डबा सरळ आणि इमारती तिरक्या वाटतात.

ही करामत कानातल्या दोन पिशव्यांची. त्यांच्यात जेलीच्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात, वडीवर खसखस पेरावी तसे. गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढतं, वळण बाहेर ढकलतं, आणि कानापर्यंत पोचते ती फक्त बेरीज. ती डब्याच्या जमिनीशी काटकोनात आली की कान म्हणतो, सगळं सरळ आहे.

हे स्फटिक सुटून नलिकेत शिरले तर कूस बदलताना घर फिरतं. आपल्याकडे दोष बहुधा मानेला लागतो आणि पट्टा येतो. डोकं ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक जागी नेण्याची अमेरिकी डॉक्टर जॉन एपली यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. जाणकार डॉक्टर ती दवाखान्यातच, काही मिनिटांत करतात.

गर्दीत खिडकी दिसत नाही, तेव्हा भिस्त कान आणि तळपायांवर. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धवट टेकलेला माणूस बघा: वळण येण्याआधीच त्याचा पाय ताठ होतो. रोजच्या प्रवासात मेंदूने रूळ पाठ केलेले असतात. अनपेक्षित धक्क्याला मात्र कानाकडून पायांना थेट हुकूम सुटतो आणि पाऊल आपोआप पडतं.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ विरुद्ध दिशांच्या दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही दगावले. अशा बातमीत 'तोल जाऊन' हे शब्द हमखास येतात, जणू दोष त्या माणसाच्या तोलाचाच. कानाचा हुकूम वेळेवर सुटतो. पण फूटबोर्डवर एका पायाने उभं असताना दुसरं पाऊल टाकणार कुठे?