गोड्या पाण्याचा लुअर आणि खाडीतला जिताडा

धरणावर लुअर फेकणारा गरवेकरी खाडीवर जायचं म्हटलं की आधी नवे, महागडे ‘सॉल्टवॉटर’ लुअर घेतो. तळ्यातल्या लुअरला खाऱ्या पाण्यातला मासा तोंड लावत नाही, अशी त्याची खात्री असते. बहुतेक वेळा हा खर्च वाया जातो. जिताडा, म्हणजे गोव्याचा चोणक, स्वतःच दोन्ही पाण्यांचा रहिवासी आहे. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, पिल्लं खाडीतून वर पार गोड्या पाण्यापर्यंत जातात. त्याला काय किंवा तांबोशीला काय, भुरळ पडते ती जखमी बोईटाच्या अडखळत्या चालीची. खाडीच्या गढूळ पाण्यात रंगापेक्षा ही चाल आणि तिने उठणारी कंपनं जास्त कामाला येतात. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाचा लुअर कोरला, तो तलावातल्या माशांसाठी. त्याच घडणीचे लुअर आज जगभरच्या किनाऱ्यांवर मासे धरतात.

मिठाने लुअर खराब होतो, हे अर्धंच खरं. प्लास्टिकच्या अंगाला मीठ काही करत नाही. गंजतात ते गळ आणि स्प्लिट रिंगा. शिवाय धरणासाठी दिलेले तिहेरी गळ बारीक तारेचे असतात. मोठ्या जिताड्याच्या हिसक्याने ते सरळ होतात, नाहीतर तुटून त्याच्या जबड्यात राहतात. मासा सुटला याचं दुःख नाही, तो तोंडात लोखंड घेऊन फिरतो याचं आहे. म्हणून गळ आणि रिंगा बदलल्याशिवाय खाडीत लुअर टाकूच नये.

जाड गळ लावले की लुअरची चाल मरते, ही भीती मात्र तपासून घ्यावी. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. धरणात अधांतरी थांबणारा १५ ग्रॅमचा लुअर समुद्रात हळूहळू वर येतो. त्याला तिथे स्थिर ठेवायला जेमतेम ०.४ ग्रॅम जादा वजन लागतं. थोडे जाड गळ ते भरून काढतात. त्याहून फार जड लावले तर लुअर बुडू लागतो. पावसाळ्यात नदीचं पाणी खाडीत उतरलं की हा हिशेब पुन्हा बदलतो, म्हणून काठाजवळ एकदा पोहवून पाहावा.

दोरीला जाड लीडर हवाच. जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणं धारदार असतात आणि खारफुटीच्या मुळांवरची कालवं दोरी सहज कापतात.

घरी आल्यावर वापरलेला लुअर गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डब्यात ठेवावा. एक खारट ओला लुअर शेजारच्या सगळ्यांचे गळ गंजवतो. रीळवर मात्र नळाची जोरदार धार सोडू नये, तिने मीठ आत बेअरिंगपर्यंत जातं. ड्रॅग घट्ट करून, हलकं पाणी शिंपडून पुसून घ्यावं.